दुसऱ्या सिलिंडरचा वॉशर

बायको पंचफुला गेल्यावर भगवंतरावांना कोणाचा हेवा वाटला असेल, तर तो त्यांच्या साडूचा. प्रकाशरावांचं सौसरला मोहगाव रस्त्याला पक्कं घर होतं, घराला लागून संत्र्याची बाग होती, एअर फोर्सची पेन्शन होती. यातल्या कशाचंही भगवंतरावांना कधी काही वाटलं नाही. हेवा वाटायचा तो सुधा प्रकाशरावांवर ओरडायची त्याचा.

सुधा म्हणजे पंचफुलाची धाकटी बहीण. दोघी सावरगावच्या. थोरली नदीपलीकडे पांढुर्ण्यात दिली, धाकटी सौसरला. या दोन गावांत दरवर्षी नदीच्या दोन काठांवरून गोटमार चालते, ती म्हणे पळवलेल्या पोरीपायी सुरू झाली; त्यामुळे सावरगावची पोरगी घेऊन चालला आणि एकही गोटा खाल्ला नाही, असं म्हणून भगवंतरावांना त्यांच्या लग्नात लोकांनी फार चिडवलं होतं. बहिणींचे चेहरे वेगळे, रंग वेगळा, उंचीसुद्धा वेगळी. आवाज मात्र एकच. फोनवर त्यांच्या आईची गफलत व्हायची. त्यामुळे सुधा आतून ओरडली, "अवो, ग्रीसचे हात पडद्याले पुसू नका म्हून कितीदा सांगू तुमाले," की प्रकाशराव नुसते हसत आणि भगवंतरावांच्या हातातला पाना जागच्या जागी थांबे.

तरीही ते दर रविवारी सौसरला जात. पांढुर्ण्यात स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं दुकान होतं. फवारणीचे पंप, मोटारपंप, डिझेल इंजिनं, जे येईल ते दुरुस्त करायचं. सहा दिवस काम असे. रविवारी दुकान बंद, आणि घरात बसवत नसे. पहिले काही रविवार ते घरातच बसले. मग एकदा प्रकाशरावांचा फोन आला की एक इंजिन आणलंय, बघायला या. तेव्हापासून सकाळची बस ठरून गेली. सुधाच्या हातचं जेवण, दिवसभर शेडमध्ये काम, संध्याकाळच्या बसने परत. आठवड्यात एवढंच त्यांचं असं होतं, आणि ते गेलं तर दुसरं काही नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं.

इंजिन विमानाचं होतं. कुठल्याशा बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबच्या लिलावातून आणलेलं, दोन माणसांच्या छोट्या विमानाचं. चार सिलिंडर, दोन डावीकडे दोन उजवीकडे आडवे. प्रकाशरावांची सगळी नोकरी इंजिनांवर गेली होती. निवृत्त होऊन संत्री मोजायचा त्यांना कंटाळा आला होता. त्यांनी बागेतल्या पॅकिंगच्या शेडमध्ये लोखंडी घोडा बनवून त्यावर इंजिन बसवलं, पुढे लाकडी पंखा लावला. उडवायचं नव्हतंच. नागपूरच्या एका कॉलेजला पोरांना शिकवायला चालतं इंजिन हवं होतं. चालू करून दाखवलं की ते घोड्यासकट घेऊन जाणार होते.

अडचण प्लगची होती. विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात, एक वर, एक खाली. म्हणजे आठ. ते गाडीच्या प्लगपेक्षा जाड असतात आणि एकेकाची किंमत ऐकली तर माणूस खुर्ची शोधतो. म्हणून प्रकाशरावांनी बाहेरून अडॅप्टर मागवले होते. अडॅप्टर म्हणजे एक छोटी धातूची कडी. तिला बाहेरून जाड आटे, आतून बारीक आटे. बाहेरचे आटे सिलिंडरच्या भोकात बसतात, आतल्या आट्यांत गाडीचा साधा प्लग बसतो. कडी आणि सिलिंडर यांच्यामध्ये तांब्याचा वॉशर. तो दबून बसला की हवा बाहेर येत नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी भगवंतराव पोचले तर प्रकाशराव शेडमध्ये डोक्याला हात लावून बसले होते आणि सुधा हसत होती. आठवड्यात मधेच दोघांनी मिळून आठही अडॅप्टर बसवले होते. प्रकाशरावांनी आधी प्लगला अडॅप्टर घट्ट आवळला आणि मग ते जोडीनं सिलिंडरमध्ये फिरवलं. बसले छान. आज प्लग काढून बघायला गेले, तर प्लगबरोबर अडॅप्टरही बाहेर. एक नाही, आठही.

"हे पाहा भाऊजी," सुधा म्हणाली, "तीस वर्षं सरकारचे विमानं सांभाळले, अन् घरी येऊन असे दात उपटून ऱ्हायले."

प्रकाशराव म्हणाले, "धरून कोण ठेवलं होतं? तूच ना? म्हणे अजून आवळा, अजून आवळा."

भगवंतरावही हसले. पण 'आठवड्यात मधेच दोघांनी मिळून' हे त्यांच्या मनात राहून गेलं. त्यांना वाटत होतं की हे काम रविवारचं आहे, आपलं आणि प्रकाशरावांचं. सुधा चहा आणायला येते एवढंच. ती पान्याला हात लावत असेल, टॉर्च धरत असेल, हे त्यांनी धरलंच नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या दुकानात मागच्या खोलीचं दार थेट स्वयंपाकघरात उघडायचं, आणि पंचफुला पोळ्या करता करता किती वेळा टॉर्च धरायला आली होती, ते त्यांनाच ठाऊक.

दोघा साडूंनी बसून ठरवलं की आता अडॅप्टर आधी एकटाच सिलिंडरमध्ये बसवायचा, त्याचा जोर मोठा. मग प्लग, त्याचा जोर कमी. म्हणजे पुढे प्लग काढला तरी कडी जागेवर राहील. भगवंतरावांनी भोकांचे आटे साफ करायला घेतले. टॅपच्या, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराच्या, खाचांत ग्रीस भरायचं, हातानंच हळू फिरवायचं, म्हणजे सुटलेली काजळी ग्रीसमध्ये अडकते, आत पडत नाही. प्रकाशराव अडॅप्टरच्या आट्यांना पेस्ट लावत होते, टोकाचा एक आटा कोरा सोडून. तासभर दोघं फारसं बोलले नाहीत. अशा वेळी भगवंतरावांना बरं वाटायचं.

मग वॉशरचा प्रश्न आला. तांबं एकदा दाबलं की कडक होतं, दुसऱ्यांदा दबत नाही, हवा सोडतं. नवे वॉशर यायला महिना गेला असता आणि कॉलेजवाले पुढच्या रविवारी दुपारी येणार होते. प्रकाशराव म्हणाले, त्यांना तारीख पुढे ढकलायला सांगतो.

"काऊन?" सुधा म्हणाली. "द्या इकडं. गॅसवर लाल करून पाण्यात टाकते. नरम होतात."

प्रकाशरावांना ते माहीत होतं, पण नोकरीत नवा वॉशर मागितला की मिळायचा, तापवायची वेळ कधी आली नव्हती. त्यांनी भगवंतरावांकडे पाहिलं. भगवंतराव सुधाकडे पाहत होते. हे काम पंचफुलाचं होतं. फवारणी पंपाचे वॉशर ती रात्रीची भांडी आवरली की गॅसवर धरायची. चिमट्यात एकेक वॉशर, लाल होईपर्यंत हात हलायचा नाही. मग पाण्यात, मग ओट्यावर टाकून बघायचा. कडक असेल तर तांबं टण्णकन वाजतं, नरम झालेलं नुसतं पडतं. तिच्याशिवाय कोणी हे करत असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"तुले कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

सुधानं सांगितलं. ती ताईच्या शेवटच्या आजारपणात पांढुर्ण्याला राहायला आली होती. भगवंतराव दुकानात असत, तेव्हा ताई स्वयंपाकघरात खुर्ची मागून घ्यायची आणि बसल्या बसल्या सांगायची. लोणच्याचा मसाला कसा, दूध कोणाकडून घ्यायचं, आणि हे वॉशर. "म्हणे, यायच्यात धीर नाही. अर्धवट तापले का काढून घेतात. मी गेल्यावर कोणाले तरी आलं पाह्यजे, तू शिकून ठेव."

हे सांगून सुधा अडॅप्टरवरचे वॉशर ताटलीत घालून आत गेली. तिला त्यात काही विशेष वाटलं नसावं. भगवंतरावांना मात्र ते लागलं.

पंचफुलानं त्यांची सोय करून ठेवली होती आणि त्यांना एका शब्दानं सांगितलं नव्हतं. बहिणीला सांगितलं. बहिणीनं वर्षभर तोंड उघडलं नाही. या वर्षात त्यांनी दुकानासाठी सगळे वॉशर विकत आणले. एकदाही सुधा म्हणाली नाही की भाऊजी, आणा इकडे. आणि आज, प्रकाशरावांची तारीख चुकते म्हटल्याबरोबर, उठून गेली. जे त्यांच्यासाठी ठेवलं होतं ते प्रकाशरावांच्या इंजिनाला लागत होतं. प्रकाशरावांकडे बायको होतीच. आता भगवंतरावांच्या बायकोनं शिकवलेलंही त्यांनाच.

आतून ओट्यावर वॉशर टाकल्याचे आवाज येत होते. पडले, वाजले नाहीत. बरोबर करत होती ती.

त्यांच्या हातात एक अडॅप्टर होता, दुसऱ्या सिलिंडरच्या खालच्या भोकाचा. त्याचा वॉशर आट्यांत अडकून बसला होता म्हणून सुधाच्या हाताला आला नव्हता. तिनं आतून हाक मारून विचारलं, सगळे दिले ना? भगवंतरावांनी नखानं तो वॉशर चाचपला. कडक होता. निघालाही असता, पक्कड लावली की.

"दिले," ते म्हणाले.

सुधा ताटली घेऊन आली. काळपट गुलाबी झालेले वॉशर. तिनं मोजले नाहीत, प्रकाशरावांनीही नाही. घरातल्या माणसांत कोण मोजतं? भगवंतराव खाली वाकून एकेक अडॅप्टर बसवत गेले आणि प्रकाशराव जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्यानं आवळत गेले. दुसऱ्या सिलिंडरचा खालचा त्यांनी तसाच लावला. तो आवळताना इतरांसारखा हळूहळू बसत गेला नाही, एकदम थांबला. प्रकाशरावांचं लक्ष सुधाकडे होतं. ती सांगत होती की कॉलेजवाल्यांना जेवायला घालायचं तर आधी सांगा, पाहुणे दारात आल्यावर मी वांगी चिरणार नाही.

भगवंतराव संध्याकाळच्या बसनं पांढुर्ण्याला आले. तो आठवडा त्यांनी कसा काढला ते सांगण्यासारखं नाही. फोन करायला हवा हे त्यांना कळत होतं. साडूला सांगायचं, तेवढा एक खोलून घ्या, राहून गेला. 'राहून गेला' म्हटलं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं. पण फोन हातात घेतला की ओट्यावर पडणाऱ्या वॉशरचा आवाज आठवे आणि ते फोन ठेवून देत. कधी वाटे, पाहुण्यांसमोर इंजिन फुसफुसावं. प्रकाशरावांनी सुधाला बोलावं. सुधानं उलट बोलावं. एकदा तरी त्या घरात दोन माणसांनी दोन खोल्यांत जेवावं. असं वाटलं की लाज वाटे, आणि लाज वाटली तरी ते वाटणं काही जात नसे.

रविवारी ते नेहमीच्या बसनं गेले. आज जाऊच नये असंही मनात आलं होतं, पण बघायचंही होतं.

प्रकाशरावांनी धुतलेला शर्ट घातला होता. पाहुणे दुपारी येणार. त्याआधी गळती बघून घ्यायची. इंजिनाची किल्ली त्यांनी काढून खिशात टाकली, म्हणजे पंखा फिरवताना चुकून ठिणगी पडायला नको. मग ते पंख्याचं पातं धरून हळूहळू फिरवू लागले. सुधा दाढीचा ब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन एकेका अडॅप्टरच्या बुडाशी फेस लावत होती. सिलिंडर दाबात आला की फेसाकडे बघायचं. बुडबुडा आला नाही तर पुढे. पहिला झाला, वर खाली दोन्हीकडे बुडबुडा नाही. सुधा म्हणाली, "पास." जणू शाळेत पेपर तपासत होती. प्रकाशराव हसले.

दुसऱ्याचा वरचा पास झाला. खालच्याला सुधानं वाकून फेस लावला. प्रकाशरावांनी पातं ओढलं. फेसात एक मोठा बुडबुडा फुगला, फुटला, आणि मग बारीक बारीक येतच राहिले.

"पुन्हा," प्रकाशराव म्हणाले. पुन्हा तेच.

त्यांनी पाना लावून अडॅप्टर अजून आवळायचा प्रयत्न केला. तो हलला नाही. मग ते सरळ उभे राहिले आणि बोलले. एरवी हा माणूस बायकोला एक वाकडा शब्द बोलत नसे. पण एअर फोर्सची सवय होती, आणि पाहुणे यायला दोन तास उरले होते. ते म्हणाले की हे घरच्या पंपाचं इंजिन नाही, विमानाचं आहे. एक वॉशर कच्चा राहिला तर वर आकाशात माणूस मरतो. येत नव्हतं तर मी करते म्हणायचंच कशाला. स्वयंपाकघरात बसून विमान दुरुस्त होत नसतं.

भगवंतरावांनी आठवडाभर ज्याची वाट पाहिली होती ते हेच. आता सुधा उलट बोलेल. पडद्याचं काढेल, तीस वर्षांच्या नोकरीचं काढेल, उपटलेल्या दातांचं काढेल.

सुधानं ब्रश साबणाच्या वाटीत ठेवला, फेसानं भरलेला हात पदराला पुसला. मग हळू म्हणाली, "राह्यला असंल माह्या हातून. मी मोजले नाही."

तो आवाज भगवंतरावांना माहीत होता. नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टर ओरडले होते की इतके दिवस दुखणं अंगावर का काढलं, तेव्हा पंचफुला याच आवाजात म्हणाली होती की माझंच चुकलं. तिचं काहीही चुकलं नव्हतं.

"तिच्या हातून नाही," भगवंतराव म्हणाले. "तो मी दिलाच नव्हता. कडक होता ते मले माहीत होतं. तसाच लावला."

प्रकाशरावांना आधी ते कळलंच नाही. त्यांना वाटलं, भगवंतराव सुधाला वाचवायला बघताहेत. ते म्हणाले, असू द्या, तुम्ही कशाला अंगावर घेता. तेव्हा भगवंतरावांनी पुन्हा सगळं सांगितलं. सुधानं आतून विचारलं, तेव्हा मी 'दिले' म्हणालो, आणि हा माझ्या हातातच होता.

"काऊन?" प्रकाशरावांनी विचारलं.

भगवंतराव इंजिनाकडे बघत म्हणाले, "तुमची बायको तुमच्यावर ओरडते, ते ऐकून ऐकून माह्यं डोकं फिरून ऱ्हायलं होतं."

बाहेर बागेत कोणीतरी संत्र्याची क्रेटं ट्रॅक्टरवर चढवत होतं, त्याचा आवाज येत होता. प्रकाशरावांनी खाली पडलेला टॉर्क पाना उचलला, फडक्यानं पुसला आणि पेटीत ठेवला. मग म्हणाले, "तुमी रागावले असते, भांडले असते, तरी चाललं असतं, भगवंतराव. पण इंजिनावर असं नाही. आता याले तुमचा हात नको."

भगवंतराव बाहेर येऊन ओसरीवर बसले. बस यायला अजून वेळ होता. त्यांना वाटलं, आता सुधा येईल आणि जे तोंडाला येईल ते बोलेल. ताईचं नाव घेईल. त्यांची तयारी होती. खरं सांगायचं तर ते वाटच बघत होते. वर्षभरात त्यांच्यावर कोणी आवाज चढवला नव्हता. गिऱ्हाईकसुद्धा बायको गेलेला माणूस म्हणून जपून बोलायचं.

सुधा आली. चहाचा कप बशीत ठेवून त्यांच्या हाती दिला, नव्या पाहुण्याला देतात तसा. म्हणाली, "घ्या." आणि आत गेली. तिनं गॅस लावला. भगवंतरावांना स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचा हात तेवढा दिसत होता. चिमट्यात तो वॉशर होता आणि हात हलत नव्हता. बराच वेळ लागला. इतका वेळ लागतो हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. मग चर्र आवाज आला, आणि ती ताटली घेऊन मागच्या दारानं शेडकडे गेली.

थोड्या वेळानं पातं फिरवल्याचा आवाज आला, मग सुधाचा, "पास." मग प्रकाशराव काहीतरी म्हणाले आणि सुधा कडाडली. "सैपाकघर म्हणे. संध्याकाळी त्याच सैपाकघरात जेवाले या, मंग सांगते तुमाले विमान." प्रकाशराव नमतं घेत होते. ती ऐकत नव्हती. मघाशी गिळलेलं सगळं आता बाहेर पडत होतं, पडद्यापासून सुरुवात करून. प्रकाशरावांना सगळं मिळालं. भगवंतरावांच्या वाट्याला चहा आला होता, तो त्यांनी पिऊन टाकला.

कॉलेजची गाडी आली. इंजिन सुरू झालं. पहिल्याच झटक्याला नाही, तिसऱ्याला. मग असा आवाज आला की बागेतले पक्षी उठले, ओसरीवरचे पत्रे थरथरले. चारही सिलिंडर एकसारखे बोलत होते. भगवंतरावांनी डोळे मिटून ऐकलं. कुठे चुकत नव्हतं. साफ केलेले आटे त्यांचे होते, पण हे आता कोणाला सांगायचं नव्हतं.

पाहुणे जेवायला बसायच्या आधीच ते निघाले. सुधा फाटकापर्यंत आली. डोक्यावरून पदर घेतला होता, तो त्यांच्यासाठी की पाहुण्यांसाठी, कोण जाणे.

"भाऊजी," ती म्हणाली, "पुढच्या रविवारी जेवाले या. शेडात जाऊ नका मात्र."

भगवंतराव हो म्हणाले. तिच्या आवाजात राग नव्हता. कामाचं बोलावं तसं बोलली ती. वॉशर घेऊन येऊ का, दुकानाचे, असं त्यांच्या तोंडापर्यंत आलं होतं. ते त्यांनी विचारलं नाही.

स्टँडवर बराच थांबल्यावर संध्याकाळची बस मिळाली, खिडकीची जागाही मिळाली. सौसर मागे पडलं. शेतात कापूस फुटला होता, मधूनमधून बाया वेचत होत्या. भगवंतरावांच्या मनात आलं, पाहुणे गेले असतील. दोघं शेड आवरत असतील. सुधा ब्रश धूत असेल, प्रकाशराव हत्यारं पेटीत लावत असतील आणि दोघं आपल्याविषयीच बोलत असतील. ती म्हणेल, असं कसं केलं भाऊजींनी. तो म्हणेल, जाऊ दे. ती म्हणेल, जाऊ दे कसं. असं रात्री जेवेपर्यंत चालेल, दिवा मालवला तरी चालेल.

भगवंतरावांना त्याचाही हेवा वाटला.